कुणाला द्यायचं, हे फीडने का ठरवावं?

यूट्यूबवर कीर्तन लावा, वांग्याच्या भरताची पाककृती लावा, नाहीतर मुलाच्या दहावीच्या गणिताचा तास लावा. मध्येच पडदा अंधारतो आणि एक आई रडताना दिसते. मांडीवर नाकात नळी घातलेलं मूल. गाव कुठलं, रुग्णालय कुठलं हे कळायच्या आत व्हायोलिन चढतं आणि खाली 'थोडेच दिवस उरले आहेत' अशा अर्थाची हिंदी ओळ सरकते. काही सेकंदांनी कोपऱ्यात जाहिरात वगळायचं बटण येतं. बोट क्षणभर थबकतं आणि ते बटण दाबतं. घरात, लोकलमध्ये, कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत हे रोज घडतं. रडणाऱ्या आईला बाजूला सारून पुन्हा भरताकडे वळायची सवय आपल्याला लागते आहे. ही सवय आपण मागितली नव्हती.

इंटरनेटने देणं सोपं केलं यात वाद नाही. २०१६ साली यूपीआय आलं आणि शंभर रुपयांची देणगी पाठवायला चेकबुक, पाकीट, टपाल यांतलं काहीच लागेनासं झालं. पण त्या सोयीबरोबर एक मोठी गोष्ट आपल्या हातून गेली. कुणाला द्यायचं, हा निर्णय. आपल्यासमोर कुणाचं दुःख येणार, किती वेळा येणार, कुठल्या चेहऱ्याने येणार, हे आता जाहिरातीची जागा विकणारी यंत्रणा ठरवते. या यंत्रणेचा लोकांना वीट आला आहे आणि तो रास्त आहे. वाईट याचं वाटतं की तो वीट दानाच्या खात्यावर जमा होतो आहे. 'ऑनलाइन आता कुणाला एक रुपया द्यायचा नाही, सगळा बाजार आहे' हे वाक्य मी सढळ हाताच्या, सरळ माणसांच्या तोंडून ऐकतो. त्याचा भुर्दंड लबाडांना बसत नाही, ते दुसरा धंदा शोधतात. तो बसतो ज्याचा व्हिडिओ कुणी काढलाच नाही त्याला. म्हणून देण्याचा निर्णय फीडकडून, म्हणजे फोनवर आपल्यापुढे काय येणार ते ठरवणाऱ्या या यंत्रणेकडून, काढून घ्यायला हवा. आणि पडद्यावर पैसे गोळा करणाऱ्याला निदान तेवढा तरी कायदा लावायला हवा, जेवढा आपण गल्लीतल्या गणपती मंडळाला लावतो.

आधी हे चालतं कसं ते पाहू. आपल्याकडे उपचारांसाठी लोकांकडून पैसे गोळा करणारी संकेतस्थळं २०१०नंतरच्या काही वर्षांत उभी राहिली. सुरुवातीला नातेवाईक, मित्र, गाववाले एकमेकांना दुवा पाठवत आणि पैसे जमत. ओळखीच्या वर्तुळातली मदत थोडी लांब पोहोचायची, इतकंच. मग ही आवाहनं जाहिरात म्हणून दाखवली जाऊ लागली. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवरची जाहिरातीची जागा लिलावात विकली जाते. त्या लिलावात रडणाऱ्या आईच्या शेजारी गृहकर्ज असतं, साबण असतो. ज्या चित्रावर लोक जास्त थांबतात, जास्त क्लिक करतात, ते चित्र यंत्रणा पुन्हा पुन्हा पुढे करते. तिथे आजाराची निकड मोजली जात नाही, बोट किती वेळ थांबलं ते मोजलं जातं. साहजिकच गोंडस मूल पुढे येतं, मोठा माणूस मागे राहतो. नळ्या दिसणारा आजार पुढे येतो, आणि आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाऊन हळूहळू कर्जात बुडणारा पन्नाशीचा रिक्षाचालक कुठेच दिसत नाही. टीबीची औषधं संपवायला सकस आहार लागतो, त्यासाठी कुणी व्हायोलिन वाजवत नाही. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर अंथरूण टाकून राहणारे बाहेरगावचे कर्करोगी मुंबईकरांनी वर्षानुवर्षं पाहिले आहेत. त्यांना हवी असते महिनाभर डोकं टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण. यात पडद्यावर दाखवण्याजोगं काही नाही.

पैसे देण्याच्या पानावर काय होतं तेही जवळून बघण्यासारखं आहे. आपण पाचशेचा आकडा टाकतो. खाली बारीक अक्षरांत संकेतस्थळासाठी 'ऐच्छिक' टिप असते आणि बऱ्याच ठिकाणी ती आधीच निवडलेली असते. नको असेल तर पट्टी सरकवून शून्यावर आणायची, नाहीतर 'इतर' निवडून स्वतः शून्य टाइप करायचं. वरच्या कोपऱ्यात त्याच बाळाचा फोटो असतो. त्या फोटोसमोर कोण शून्य टाइप करेल? संकेतस्थळ चालवायला पैसे लागतात हे मला मान्य आहे. अशा कामात पगारी माणसं असावीत असंच माझं मत आहे. मग शुल्क किती ते ठळक सांगा आणि घ्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी काढली. ग्राहकाला न विचारता बिलात भर घालणं हा त्यांतला एक प्रकार, आणि त्याच्या व्याख्येत धर्मादाय देणगीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे विमानाचं तिकीट काढताना गुपचूप लावलेली दहा रुपयांची देणगी आपण गैर ठरवली. दान देतानाच गुपचूप लावलेल्या टिपेबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

जाहिरात क्षेत्राची स्वतःची नियमन संस्था आहे, आस्की. तिनेही २०२३ मध्ये धर्मादाय जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मदत न करणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा वापरू नका, संकटातल्या लोकांचं, विशेषतः मुलांचं चित्रण त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारं नको, विचलित करणारी दृश्यं धूसर ठेवा आणि ज्याला पाहायची आहेत त्यानेच क्लिक करून पाहावीत, असं त्यांत म्हटलं आहे. चांगलं आहे. पण हे स्वनियमन आहे, आणि रोजचा पडदा पाहता ते किती पाळलं जातं हे ज्याचं त्याने ठरवावं. त्या नाकात नळी घातलेल्या मुलाला कुणी विचारलं का, की तुझा हा चेहरा लाखो अनोळखी लोकांना दाखवू का? ते मूल वाचलं, मोठं झालं, शाळेत गेलं, तर तो व्हिडिओ तिथेच असणार आहे.

आता सोळा कोटींच्या इंजेक्शनाकडे येऊ, कारण तिथे हा सगळा प्रश्न एका जागी गोळा होतो. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या जनुकीय आजारात बाळाचे स्नायू क्षीण होत जातात. २०१९ मध्ये अमेरिकेत झोलजेन्स्मा या जनुक-उपचाराला मान्यता मिळाली. एकदाच घ्यायचं औषध, किंमत २१ लाख २५ हजार डॉलर. २०२१च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी ऑनलाइन सोळा कोटींच्या घरात रक्कम उभी केली. आयातशुल्क आणि करापोटी सुमारे सहा कोटी आणखी लागणार होते, ते केंद्र सरकारने माफ केले. त्या काळात महाराष्ट्रात घरोघरी या बाळाची चौकशी व्हायची. लोकांनी वाढदिवस रद्द करून पैसे पाठवले. समाज म्हणून आपण किती मायाळू असू शकतो हे त्या आठवड्यांत दिसलं, आणि त्या मायेबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण या औषधाची दुसरी बाजू आपल्याला कुणी सांगितली नाही. फ्रान्समध्ये १९८७पासून दर डिसेंबरमध्ये टेलिथॉन होतो. दूरचित्रवाणीवर तीस तास कार्यक्रम चालतो, गावोगावी लोक धावतात, केक विकतात, गाणी म्हणतात आणि स्नायूंच्या दुर्मीळ आजारांवरच्या संशोधनासाठी पैसे जमवतात. त्या वर्गणीतून पॅरिसजवळच्या एव्री गावात जेनेथॉन ही प्रयोगशाळा चालते. या आजारावरच्या जनुक-उपचाराचं महत्त्वाचं काम तिथे झालं आणि त्याच्या पेटंटचे हक्क २०१८ मध्ये अॅव्हेक्सिस या अमेरिकी कंपनीला परवान्याने दिले गेले. त्याच वर्षी नोव्हार्टिस या स्विस औषध कंपनीने अॅव्हेक्सिस ८७० कोटी डॉलरना विकत घेतली. पुढच्या वर्षी औषध बाजारात आलं. २०२०पासून नोव्हार्टिसने, जिथे औषधाला मान्यता नाही अशा देशांतल्या बाळांसाठी वर्षाला शंभरपर्यंत मोफत डोस द्यायचं ठरवलं. कुणाला मिळणार, हे सोडतीने!

म्हणजे बघा, एका टोकाला फ्रेंच बायकांनी केक विकून जमवलेला पैसा संशोधनात गेला. दुसऱ्या टोकाला मराठी माणसांनी वाढदिवस रद्द करून पाठवलेला पैसा ते औषध विकत घ्यायला गेला. मध्ये किंमत ठरवणारा बसला आहे आणि दोन्हीकडच्या दात्यांपैकी कुणालाही त्याला प्रश्न विचारायची सोय नाही. पडद्यावर बाळ होतं, मोजणी पुढे सरकत होती, उरलेले दिवस कमी होत होते. त्या घाईत 'सोळा कोटी का?' हा प्रश्न विचारणं निर्दयपणाचं वाटलं असतं. फीडवर एका बाळाला जागा असते, किमतीच्या प्रश्नाला नसते.

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांच्यामुळे काय झालं तेही सांगायला हवं. याच आजारावर रिस्डिप्लाम नावाचं तोंडाने घ्यायचं दुसरं औषध आहे. रोश कंपनीच्या या औषधाची बाटली भारतात सहा लाखांच्या आसपास पडायची. रुग्ण आणि त्यांच्या संघटना न्यायालयांत गेल्या, पेटंटवरून नॅटको या हैदराबादच्या कंपनीशी रोशचा खटला चालला. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नॅटकोला रोखायला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही, आणि नॅटकोने तीच बाटली १५,९०० रुपयांना जाहीर केली. हे घडवून आणणाऱ्या लढ्याचा व्हिडिओ तुमच्या भरताच्या पाककृतीत कधी आला होता का? मला तरी दिसला नाही. एका बाळाला वाचवणारा पैसा आणि सगळ्या बाळांसाठी किंमत खाली आणणारा पैसा, दोन्ही लागतात. पहिला पडद्यावर सहज जमतो. दुसऱ्यासाठी वकिलांची फी, कागदपत्रं, प्रवास आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागते, आणि तो मागायला कुणाकडे चेहरा नसतो.

इथे कुणी म्हणेल, 'समोर मूल मरतंय आणि तुम्ही पेटंटच्या गोष्टी सांगताय.' या आक्षेपाला मी हलकं समजत नाही. ज्या आईबापांनी कॅमेऱ्यासमोर रडून पैसे मागितले त्यांचं काही चुकलं असं मी कधीही म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. प्रश्न त्यांना नाही, आपल्याला आहे. या राज्यात धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. त्यासाठी प्रत्येक रुग्णालयाने बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, मुख्यमंत्री सहायता निधी आहे. दुर्मीळ आजारांसाठी २०२१च्या राष्ट्रीय धोरणाखाली, केईएमसारख्या ठरवून दिलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आवाहनाच्या पानावर 'या रुग्णाने यांपैकी कुठे अर्ज केला, काय उत्तर मिळालं' हे क्वचितच लिहिलेलं असतं. ते लिहिणं बंधनकारक झालं तर दोन गोष्टी होतील. एक, कित्येक कुटुंबांना आपला हक्क कळेल. दुसरी, ज्या रुग्णालयांनी खाटा देण्यात टाळाटाळ केली त्यांची नोंद सगळ्यांसमोर राहील. आज काय होतं? जे रुग्णालयाने कायद्याने द्यायचं ते लोक दयेपोटी भरतात आणि रुग्णालयाला ते सोयीचं पडतं.

आता गणपती मंडळाकडे. याच अधिनियमाचं कलम ४१ क असं सांगतं की नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसलेल्या कुणाला धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि नंतर हिशेब सादर करावा. दरवर्षी श्रावणात वर्तमानपत्रांत याच्या सूचना येतात. चाळीतली पोरं अर्ज भरतात, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं जोडतात, मागच्या वर्षीचा जमाखर्च देतात. मग पावतीपुस्तक छापून दारोदार फिरतात. दार उघडणाऱ्या काकू विचारतात, 'गेल्या वर्षी डीजेवर किती उडवले रे?' आणि पोराला उत्तर द्यावं लागतं, कारण उद्या जिन्यात त्याच काकू भेटणार असतात. अनंत चतुर्दशीनंतर चांगल्या मंडळांचा जमाखर्च चौकातल्या फळ्यावर लागतो. मांडव इतके, वीज इतकी, प्रसाद इतका, शिल्लक इतकी. कुणाला पटत नसेल तर फळ्यासमोर उभा राहून भांडतो. अख्ख्या वॉर्डातून दोन-तीन लाख जमवणाऱ्या मंडळाला आपण एवढं बांधून ठेवलं आहे.

आणि इथे फोनवर तासाभरात त्याच्या कित्येक पट रक्कम जमते. पैसे रुग्णालयाच्या खात्यात गेले की कुटुंबाच्या? रुग्ण उपचाराआधीच दगावला तर उरलेल्या पैशांचं काय झालं? जाहिरातीवर किती गेले? सहा महिन्यांनी कोण विचारणार आणि कुठल्या जिन्यात भेटणार? काही संकेतस्थळं कागदपत्रं तपासतात, थेट रुग्णालयाला पैसे देतात, पुढची खबरबात पाठवतात. त्यांचं काम चांगलं आहे. पण चांगलं वागणं त्यांच्या मर्जीवर सोडलं आहे, आणि वाईट वागणाऱ्यालाही तीच जागा, तेच व्हायोलिन मिळतं.

या ढिलाईचा फायदा घेणाऱ्यांची कमी नाही. मार्च २०२०च्या अखेरीस पीएम केअर्स निधी सुरू झाला आणि लगोलग खऱ्या यूपीआय पत्त्यातलं एक अक्षर गाळून खोटा पत्ता फिरू लागला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाल्यावर, ढिगाऱ्यातून मूल उचलणाऱ्या अग्निशमन जवानाचं चित्र दाखवून क्रिप्टोमध्ये देणग्या मागितल्या गेल्या. ते चित्र संगणकाने बनवलेलं होतं आणि जवानाच्या हाताला सहा बोटं होती. आता ती यंत्रं पाचच बोटं काढतात. सीरियातल्या छावण्यांमध्ये निर्वासित कुटुंबं टिकटॉकवर तासन् तास थेट प्रक्षेपणात भेटवस्तू, म्हणजे पैसे मोजून पाठवायची गुलाबासारखी चित्रं, मागत बसतात, आणि त्या भेटींतला ७० टक्क्यांपर्यंत वाटा कंपनीच ठेवते, असं बीबीसीने २०२२ मध्ये दाखवून दिलं. कंपनीने म्हटलं, आमचा वाटा इतका नाही. तो किती, हे मात्र सांगितलं नाही. दात्याला वाटतं आपण त्या पोरीला गुलाब पाठवला.

इंटरनेट येण्यापूर्वी दान फार निर्मळ होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं आपण सगळ्यांनी वाचलं आहे. यात्रेत लाउडस्पीकरवरून एकावन्न रुपयांची घोषणा व्हायची आणि अकरा रुपयेवाला मान खाली घालायचा. त्याहून वाईट म्हणजे दान जातीच्या आणि ओळखीच्या कुंपणात फिरायचं. ज्ञातीच्या वसतिगृहाला देणारा शेठ शेजारच्या वस्तीतल्या मुलाकडे बघतही नसे. ज्याची कुणाशी ओळख नाही, त्याला मागायलाही जागा नव्हती. इंटरनेटने हे कुंपण खरोखर तोडलं. एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, अनोळखी पोरापोरींनी रात्र रात्र जागून ऑक्सिजनच्या सिलिंडरचे आणि खाटांचे नंबर तपासले, जे बंद होते ते खोडले, जे चालू होते ते पुढे पाठवले. कुणी कुणाची जात विचारली नाही, कुणाच्या व्हिडिओला संगीत नव्हतं. ते इंटरनेट मला हवं आहे. त्यात माणसं माणसांना शोधत होती आणि मध्ये लिलाव नव्हता.

आपल्याकडे देण्याची आणखी एक रीत होती, तिची आठवण मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांना जेवायला घालायचं तर धान्य हवं. त्यासाठी मुष्टिफंड होता. घरातली बाई दळणाच्या वेळी, स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायची आणि मुलं ते घरोघरी जाऊन गोळा करायची. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंडही असाच. माणशी वर्षाला एक पैसा मागत ते गावोगाव फिरले, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. या दोन्ही ठिकाणी कुणी रडवलं नव्हतं. देणारीला माहीत होतं की मूठ कुठे जाते. तिच्याच भागातली पोरं त्या धान्यावर शिकत होती. देणं नियमित होतं, म्हणून भाऊरावांना पुढच्या महिन्याचा विचार करता यायचा. आज कुठल्याही संस्थेत जाऊन कार्यकर्त्याला विचारा, तो हेच सांगेल: एकदम आलेल्या पन्नास हजारांपेक्षा दरमहा येणारे पाचशे बरे, कारण पगार आणि भाडं दरमहा द्यावं लागतं. अश्रूंवर अंदाजपत्रक बसत नाही.

शांत, सातत्याच्या कामाला बळ मिळालं तर काय होऊ शकतं याचं महाराष्ट्रातलंच उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९८६पासून तिथे काम केलं. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत त्यांनी बसवली. ३९ गावांतल्या प्रयोगात नवजात बालमृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो निबंध आला. पुढे देशाच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. वजनकाटा, ब्लँकेट, प्रतिजैविक आणि शिकवलेली एक बाई, एवढ्यावर हे झालं. जे बाळ आजारीच पडलं नाही, त्याचा फोटो कुणी काढू शकत नाही. फीडला ते बाळ कधीच दिसणार नाही. आपल्याला दिसू शकतं, जर आपण शोधलं तर.

शोधायला मदत करणारी साधनंही आहेत. 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम २०११पासून दर गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख करून देतो. वार्ताहर तिथे जातो, काम बघतो, गरज काय ते लिहितो, वाचक धनादेश पाठवतात. दादरला कर्करोगाच्या बाहेरगावच्या रुग्णांसाठी गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तालुक्याच्या गावी वाचनालय आहे, अंधशाळा आहे, डायलिसिसचं केंद्र आहे. यांतलं एक निवडा, एकदा प्रत्यक्ष जाऊन या, अहवाल मागा आणि बँकेला दरमहाची सूचना देऊन टाका. यूपीआय इथेच खरं उपयोगी आहे. मुष्टिफंडाचं मडकं आता फोनमध्ये ठेवता येतं. त्यानंतर जाहिरात आली आणि तुम्ही ती वगळलीत, तर मनाला टोचणी लागण्याचं कारण उरत नाही, कारण तुम्ही तुमचं ठरवलेलं आहे. आणि एखाद्या दिवशी त्या आईचा चेहरा मनातून जाईना, तर रुग्णालयात फोन करा, समाजसेवा अधीक्षकाशी बोला, रुग्ण खरा असेल तर थेट रुग्णालयाच्या खात्यात भरा. दहा मिनिटं लागतात.

सरकारने करायचं काम मात्र सरकारनेच करायला हवं. धर्मादाय संस्था हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा विषय आहे, त्यामुळे दिल्लीकडे बघत बसायची गरज नाही. महाराष्ट्राचं विधिमंडळ स्वतःचा अधिनियम दुरुस्त करू शकतं. कलम ४१ क मध्ये ऑनलाइन आवाहनांचा स्पष्ट उल्लेख यावा. ठरावीक रकमेच्या वरची प्रत्येक मोहीम धर्मादाय आयुक्तांकडे नोंदली जावी, आणि ही नोंद एका दिवसात, फोनवरून, फी न घेता व्हावी, कारण रुग्णाकडे महिने नसतात. पैसे रुग्णालयाच्या खात्यातच जावेत. जाहिरातीवरचा खर्च आणि टिप आवाहनाच्या पहिल्या ओळीत यावी. लहान मुलाचा चेहरा धूसर असावा. उपचार संपल्यावर साठ दिवसांत जमाखर्च त्याच पानावर लागावा, उरलेली रक्कम निर्धन रुग्ण निधीत वळती व्हावी. संकेतस्थळांची कार्यालयं मुंबईबाहेर, राज्याबाहेर असतील, तर महाराष्ट्रातल्या रुग्णासाठी किंवा महाराष्ट्रातल्या दात्यांकडून पैसे घेताना हे नियम लागू होतील असं लिहावं. यातलं एकही कलम गणपती मंडळाच्या पोरांना नवीन वाटणार नाही.

तुमच्या मतदारसंघातल्या आमदाराला पत्र लिहायचं असेल तर पत्ता सोपा आहे: विधान भवन, नरिमन पॉइंट, मुंबई. धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय वरळीला, डॉ. अॅनी बेझंट रस्त्यावर आहे, तिथेही एक प्रत द्या. आणि तुम्ही आजवर ज्या ज्या मोहिमेला पैसे दिलेत, तिचं पान पुन्हा उघडा आणि खाली एकच प्रश्न लिहा, 'हिशेब कुठे आहे?'